नव्या गाडीचा ब्रेक आणि काचेचा आवाज: शोरूमचं सर्व्हिस सेंटर विरुद्ध नाक्यावरचा मेस्त्री

आधीच सांगून टाकतो, शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला 2 स्टार आणि ते पण एसी वेटिंग रूम आणि चहासाठी. मेस्त्रीला साडेचार. कुणाचंच नाव टाकत नाही, उगाच वाद नको.

गाडी छोटी हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात), मागे ड्रम ब्रेक (बंद डबा, त्याला आतून लायनर दाबतात), वर्ष पण झालेलं नाही. राहायला चिपळूण, म्हणजे पावसाळाभर गाडी भिजणार, बाकी महिने लाल धूळ खाणार आणि हायवेच्या कामाची खडी सगळीकडे सांडलेली. तर आवाज तीन प्रकारचे यायला लागले. सकाळी गाडी काढली की पहिल्या दोन-चार ब्रेकला खर्रर्र, मग बंद. दुसरा पुढच्या चाकातून पत्रा घासल्यासारखा बारीक किर्र किर्र, हळू चालवली की जास्त ऐकू यायचा. आणि तिसरा ड्रायव्हर साइडची काच वर घेताना करकर, आणि तीच काच अर्धी खाली ठेवली की खराब रस्त्यावर दारातून खडखड. नव्या गाडीत हे ऐकलं की डोकं फिरतं हो, हप्ते अजून सुरू आहेत.

सर्व्हिस सेंटरला नेली. अ‍ॅडव्हायझर गोड बोलतात यात वाद नाही पण मी एवढं सगळं सांगितलं आणि जॉब कार्डवर काय लिहिलं तर "ब्रेक जनरल चेकअप, विंडो नॉइज". झालं. मी म्हटलं तुमचा माणूस माझ्याबरोबर बसवा, एक चक्कर मारू, आवाज ऐकवतो, तर म्हणे सर आमची टेस्ट ड्राइव्ह होते, तुम्ही बसा. संध्याकाळी गाडी धुऊन पुसून चकाचक दिली आणि निदान काय तर पॅड झिजलेत, बदलावे लागतील, पॅड वॉरंटीत येत नाहीत. काचेचं म्हणे नॉर्मल आहे सर, ऑब्झर्वेशनमध्ये ठेवा. पॅड किती मिमी उरलाय विचारलं तर उत्तर नाही. चाक तरी काढलं होतं की नाही देव जाणे. मी पॅड बदलायला नाही म्हणून गाडी घेऊन आलो.

मेस्त्रीकडे मात्र पहिली पाच मिनिटं नुसते प्रश्नच. "दादा, ब्रेक दाबल्यावर येतो का न दाबता पण येतो? गरम झाल्यावर वाढतो का? गाडी थांबत आली की आवाजाची चाल पण मंदावते का?" मग स्वतः बाजूला बसला, सगळ्या काचा खाली करायला लावल्या आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून गाडी अगदी हळू न्यायला सांगितली, भिंतीवरून आवाज परत येतो त्यामुळे कुठल्या बाजूचं चाक आहे ते लगेच कळतं. डावं पुढचं निघालं. ब्रेक न दाबता पण येतोय आणि चाकाच्या फेऱ्याबरोबर येतोय म्हटल्यावर तो म्हणाला पॅड नव्हे, खडी असेल. जॅक लावला, चाक काढलं, डिस्कच्या मागे जो पातळ पत्रा असतो ना त्याच्या आणि डिस्कच्या मध्ये हरभऱ्याएवढी कच अडकलेली. पत्रा जरा बाहेर ओढला, कच काढली, पत्रा परत सरळ केला. डिस्कवर आतल्या बाजूला गोल चरा उमटलाय पण नखाला लागत नाही म्हणजे चिंता नाही म्हणाला.

आणि पॅड? मला हात लावून दाखवला, भरपूर जाड. नवा पॅड साधारण 10 मिमीच्या आसपास असतो, बऱ्याच पॅडना बाजूला एक पत्र्याची जीभ असते, पॅड 2-3 मिमी उरला की ती डिस्कला लागून किंचाळते, तो आवाज आला तर मात्र बदलायचेच. माझ्या पॅडची जीभ डिस्कपासून चांगली लांब होती.

सकाळचा खर्र म्हणजे गंज. डिस्क उघडी असते, रात्रभर पाऊस आणि दमट हवा, वरवर तांबूस थर येतो आणि पहिल्या काही ब्रेकला पॅड तो खरवडून काढतो. त्यावर खर्च शून्य. पावसात हँडब्रेक ओढून ठेवली तर मागचे लायनर ड्रमला चिकटतात आणि सकाळी निघताना टक् होतं, त्यासाठी म्हणाला सपाट जागेवर गाडी गिअरमध्ये लावा आणि चाकाला दगड द्या. बाकी ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा जास्त खाली जात असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा कुंभार्ली घाट उतरल्यावर जळका वास येत असेल तर आवाजाची वाट बघू नका, लगेच दाखवा.

आता काच. शेजारचे काका म्हणाले होते खोबरेल लाव, बरं झालं लावलं नाही. तेल किंवा ग्रीस लावलं की धूळ अजून चिकटते आणि रबर फुगतं. मेस्त्रीने काच पूर्ण खाली घेतली, प्लॅस्टिकच्या पट्टीला ओलं फडकं गुंडाळून दोन्ही बाजूच्या रबराच्या खाचेतून फिरवलं, फडकं अक्षरशः लालभडक बाहेर आलं. चार वेळा पुसून, सुकवून मग सिलिकॉन स्प्रे, तो पण फडक्यावर मारून, कारण उडून डिस्कवर गेला तर ब्रेक नीट लागणार नाही. करकर तिथंच संपली. खडखड वेगळीच निघाली, डिलिव्हरीआधी स्पीकर बसवताना दाराचं पॅड काढलं होतं ते परत लावताना एक क्लिप तुटकीच ठेवलेली, तिथून पॅड हलत होतं. नवी क्लिप बसवली. काच वर-खाली करणारी दारातली मशीन बदलायची गरजच नव्हती.

सगळे मिळून ₹400 घेतले. अर्धा स्टार कापला कारण बिल देत नाही, बसायला जागा नाही, उभं राहावं लागतं आणि फोन उचलतच नाही. तुमची गाडी वॉरंटीत असेल आणि एखादा पार्ट खरंच बदलायचा असेल तर सर्व्हिस सेंटरलाच जा, पण जॉब कार्डवर आवाज कधी येतो, कुठून येतो ते तुमच्याच शब्दांत लिहून घ्या आणि सही करायच्या आधी वाचा. मेस्त्रीकडे सकाळी दहाच्या आत गेलात तर नंबर लागतो, नंतर रिक्षावाल्यांची लाइन असते.