हिजामाचा चोवीस कपांचा संच: पंप चांगला, हिशेब फसवा

हिजामा म्हणजे मुसलमानांमधला तुंबडीचा उपचार: कोरड्यात नुसता कप लावून कातडी ओढायची, ओल्यात छेद देऊन रक्तही काढायचं. त्याचा हा संच: पिस्तुलासारखा हातपंप, लवचीक नळी आणि लहानमोठे चोवीस पारदर्शक कप. जुन्या तुंबडीत ओढ आणायला जाळ तरी लागे नाहीतर तोंड. इथे घोडा दोनदा दाबला की कातडी कपात वर येते. ओढ बेताने देता येते, हाच या संचाचा खरा गुण. पाच-सहा दाब देऊन कप वीस मिनिटं ठेवला तर पाण्याचे फोड येतात. त्याला ‘विष बाहेर आलं’ म्हणणं ही शुद्ध थाप.

मधल्या मापाचा कप दोन खांद्यांमध्ये, हदीसमधल्या (पैगंबरांच्या वचनांमधल्या) ‘काहिल’च्या जागी, चपखल बसतो. मानेच्या दोन्ही बाजूंना (‘अख्दऐन’) सगळ्यात छोटा कपही निसटतो. खाली मोठ्या शिरा आहेत, तिथे नवख्याने ब्लेड लावूच नये.

रत्नागिरी-दापोलीकडच्या पावसाळी हवेत घामाने कप सुटतात. अंग कोरडं पुसा, केस काढा. झडपेचं रबर दमटपणाने चिकट होतं, म्हणून आधी कप तळहातावर लावून बघा. पाच मिनिटांच्या आत सुटला तर तो बाद.

ओल्या हिजामात तीन ते पाच मिनिटं कोरडा कप, मग ११ नंबरच्या सर्जिकल ब्लेडने जेमतेम ओरखड्याएवढे छेद, आणि पुन्हा कप. रक्त गोठून थुलथुलीत झालं तर ठीक. पातळ धार लागली तर छेद खोल गेलाय, कप काढून दाबून धरा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पंडुरोग असेल किंवा बाई गरोदर असेल तर ओला हिजामा नको.

खोक्यावर ‘धुऊन पुन्हा वापरा’ लिहिलंय, फसगत तिथेच. नुसत्या धुण्याने काविळीचा ‘बी’ विषाणू जात नाही, आणि उकळलं तर झडप जाते. रक्त लागलेला कप एकाच माणसाला, एकदाच. एका बैठकीला सहा कप धरले तर खोकं चार माणसांत संपतं. हिजरी चांद्रमासाच्या १७, १९, २१ तारखांना गर्दी असते. कप परत वापरायचा मोह तेव्हाच होतो, आणि मग तुंबडी भरते ती करणाऱ्याची.

रमजानबद्दल विचारणा होते म्हणून: शाफई आणि हंबली ही इस्लामी धर्मशास्त्राची दोन मतं. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, त्या मताने हिजामाने रोजा तुटत नाही, हंबली मताने तुटतो. तरी अशक्तपणा येत असेल तर इफ्तारनंतरच करावा.

कोरड्या हिजामासाठी संच घ्या. ओल्यासाठी सीलबंद सुटे कप आणि ब्लेड वेगळे घ्या. वापरलेलं ब्लेड न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, कप लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळीत. परसातल्या खड्ड्यात नव्हे.