स्लो कुकरमधली सागोती: नोकरीवाल्या घरासाठी घ्यावा का?

आमच्याकडे दोघंही नोकरीला, मी ओरोसला आणि नवरा कणकवलीला, घर कुडाळात, संध्याकाळी परत यायला सहा वाजतात नाहीतर साडेसात, ते गाडीवर आणि साहेबांच्या मिटिंगवर अवलंबून. त्यामुळे मटणाची सागोती, म्हणजे आमचं मालवणी वाटपाचं कालवण, म्हटलं की रविवार हे ठरूनच गेलेलं आणि त्या रविवारचीही अर्धी सकाळ शिट्ट्या मोजण्यात जायची. म्हणून हा इलेक्ट्रिक स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्तास शिजवणारं विजेचं भांडं, ऑनलाइन मागवला, साडेतीन लिटरचा, आत जाड सिरॅमिकचं भांडं, वर काचेचं झाकण, पुढे एक नॉब: लो, हाय आणि वॉर्म. बाकी काही नाही. तीन-साडेतीन हजारात पडला. आता बऱ्यापैकी वापरून झालाय तर लिहिते, कारण विकत घेण्याआधी मला मराठीत एकही धड रिव्ह्यू सापडला नव्हता.

सोबत जी पुस्तिका येते ती बाजूला ठेवा. त्यात लॅम्ब शँक, रेड वाइन आणि रोझमेरी आहे, आपल्या बाजारात रोझमेरी शोधायला गेलात तर केसांच्या तेलाची बाटली हातात येईल. दुसरं म्हणजे त्यांचं लॅम्ब म्हणजे वर्षाच्या आतलं कोकरू, त्याला चरबी जास्त. आपल्याकडे मटण म्हणजे बोकड, चरबी कमी आणि मांस घट्ट. पण मंद शिजवायला बोकड उलट चांगला लागतो, फक्त तुकडे बघून घ्यायचे. मटणवाल्याला सरळ सांगायचं, खांद्याचं दे, मानेचं दे आणि नळ्या टाक. या भागांत कोलॅजन, म्हणजे मांस बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर असतं, ते ७०-८० डिग्रीच्या पुढे तासन्तास राहिलं की विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि रस्सा बोटांना चिकटायला लागतो. नुसतं मांडीचं लुसलुशीत मऊ मटण यात घालाल तर कोरडं आणि चोथट होतं, ते आपलं सुक्क्यासाठी ठेवा.

आता प्रेशर कुकर असताना हे खटाटोप कशाला, असा प्रश्न घरातही आला. प्रेशर कुकरमध्ये आत साधारण १२० डिग्री असतात, काम अर्ध्या तासात होतं हे खरंच आहे. पण बोकड कोवळा की जून ते आपल्याला कुठे कळतं, एकदा चार शिट्ट्यांत वातड राहतं तर एकदा सहा शिट्ट्यांत हाडं वेगळी आणि मांसाचे दोरे वेगळे. स्लो कुकर उकळीच्या जरा खालीच फिरत राहतो, ‘लो’वर तास-दीड तास जास्त झाला तरी फारसा फरक पडत नाही. माझ्यासारखीला सगळा फायदा इथेच आहे, गाडी तासभर लेट झाली तरी मटणाचं काय झालं असेल म्हणून जीव टांगणीला लागत नाही. वीजही फार खात नाही, माझा २०० वॅटचा आहे, म्हणजे सलग आठ तास पूर्ण ताकदीने चालला तरी १.६ युनिट.

पण सकाळी सगळं कच्चं कोंबून बटण फिरवलं की संध्याकाळी मालवणी सागोती तयार, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. तसं केलं तर दवाखान्यातल्या सूपसारखं फिकट पाणी मिळतं. यात भाजण्याचं काम होतच नाही, तेवढी उष्णताच नाही. मी असं करते: आदल्या रात्री मटणाला आलं-लसूण-कोथिंबीर, हळद, मीठ लावून फ्रिजमध्ये. सकाळी अंघोळीला पाणी तापतंय तोवर कढईत तेल, कांदा, मग मटण मोठ्या आचेवर चांगला रंग येईपर्यंत परतायचं, मालवणी मसाला घालून तेल सुटेपर्यंत हलवायचं आणि कढईतलं चिकटलेलं सगळं अर्धी वाटी गरम पाण्याने खरवडून भांड्यात. किलोभर मटणाला एवढंच पाणी, जास्त नाही, कारण झाकणातून वाफ जात नाही आणि मटण स्वतःचं पाणी सोडतं. बटाटे घालणार असाल तर ते तळाला, मटणाच्या खाली, ऐकायला उलटं वाटेल पण यात बटाटा मटणापेक्षा उशिरा शिजतो.

भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप मात्र सकाळी घालायचं नाही. दिवसभरात खोबऱ्याचा वास मरतो आणि वर तेलाचा तवंग न येता नुसता तेलकट थर येतो. वाटप सुट्टीच्या दिवशी एकदम करून छोट्या डब्यांत फ्रीझरला टाकते, घरी आल्यावर एक डबा काढायचा, कढईत परतायचा, त्यात कुकरमधला रस्सा ओतून दहा मिनिटं उकळायचा. तेव्हा कुठे तर्री येते. सासूबाई पहिल्यांदा काचेतून वाकून बघत होत्या, ना उकळी, ना आवाज, मला म्हणाल्या, ‘अगो, ह्यां शिजता हा की नुसताच गरम होता हा?’ जेवताना नळी झटकली तर मगज एका झटक्यात ताटात आला, मग काही बोलल्या नाहीत, दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला.

झाकण मात्र उघडू देऊ नका कोणाला, एकदा उघडलं की वीसेक मिनिटं मागे गेलात. फ्रीझरमधलं दगड झालेलं मटण थेट घालू नका, ते जंतू वाढतात त्या धोक्याच्या तापमानातून बाहेर यायलाच फार वेळ घेतं. आणि राजमा यात कच्चा शिजवू नका, त्यातलं विष मंद आचेवर जात नाही, आधी दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो.

आता कोकणातला खरा प्रश्न, लाईट. मृगाचा पाऊस आला, कुठेतरी फांदी पडली की लाईट गेली, कधी दहा मिनिटं तर कधी दुपारभर, आणि घरात कोणीच नसतं. अन्न ४ ते ६० डिग्रीच्या मध्ये दोन तासांहून जास्त राहिलं की जंतू वाढतात, आणि संध्याकाळी घरी आल्यावर भांडं गरम लागलं तरी मधे काय झालं ते कळत नाही. म्हणून घेताना नॉबवालाच घ्या. डिजिटलवाले बरेचसे लाईट गेली की बंद पडतात आणि परत आल्यावर तसेच थंड बसून राहतात, नॉबवाला आपोआप सुरू होतो. शिवाय मी त्याच बोर्डवर एक जुनं प्लगचं डिजिटल घड्याळ लावून ठेवलंय, आतला सेल काढून. लाईट गेली की ते बारावर येऊन लुकलुकतं, घरी आल्यावर त्याच्यावरून परत येऊन किती वेळ झाला ते कळतं, पण गेली कधी होती ते नाही कळत. त्यामुळे घड्याळ लुकलुकताना दिसलं तर मी सरळ टाकून देते. ८०० रुपये किलोचं मटण टाकताना जीव तुटतो, पण तरी. इन्व्हर्टरवर चालतो, फक्त पंखे आणि हा मिळून बॅटरी लवकर उतरते. जून-जुलैत मी सुट्टी असेल तरच लावते, आणि नंतर श्रावण येतोच, तेव्हा तो माळ्यावर.

तक्रारी आहेत. अर्धा किलोसाठी हा मोठा पडतो, कडेने करपतं, भांडं निदान अर्धं भरायला हवं. सिरॅमिकचं भांडं जड आहे, गरम असताना गार पाण्याखाली धरलं तर तडकू शकतं, आणि सुटं भांडं मिळतं का विचारायला कस्टमर केअरला फोन केला तर होल्डवर गाणं ऐकवत बसले. खाऱ्या हवेने खालच्या पत्र्याच्या स्क्रूना आत्ताच गंज दिसतोय, मी पुसून खोबरेल लावते. वायर आखूड आहे.

घरात दिवसा कोणी माणूस असेल तर घेऊ नका, जाड बुडाचं पातेलं, वर पाण्याचं ताट आणि बारीक गॅस, दोन-अडीच तासांत तेच होतं आणि चवीला कणभर सरसच. आमच्यासारखं सकाळी आठला कुलूप लावणारं घर असेल, किलोभर मटण एकदम लागत असेल आणि सकाळी वीस मिनिटं कढईपुढे उभं राहायची तयारी असेल, तर घ्या. आणि सागोतीबरोबरच्या वड्यांचं पीठ आदल्या रात्रीच भिजवून ठेवा.