डबा घरचा, माल सुटा: चार महिन्यांचा अनुभव

कोथरूडमध्ये सुटा किराणा विकणारे एक लहानसे दुकान आहे. डबा आपण न्यायचा, हवा तेवढाच माल भरून घ्यायचा आणि पाकीट घरी आणायचे नाही, असा तेथील शिरस्ता. राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी डाळ-साखरेची कंपनीबंद पाकिटे चालूच राहिली आणि आमची सुक्या कचऱ्याची बादली त्यांनीच भरत असे. म्हणून गेले चार महिने मी महिन्याचे सामान येथून भरते आहे.

वजनाचा व्यवहार चोख आहे. रिकामा डबा आधी काट्यावर ठेवून त्याचे वजन बुडाला लिहून देतात आणि भरल्यावर तेवढे वजा करतात. घरी दोनदा मोजून पाहिले, दोन्ही वेळा बरोबर भरले. तूरडाळ बिनपॉलिशची असल्याने कुकरची एक शिट्टी जास्त घेते, पण वरण दाट आणि चवीचे होते. पावसाळ्यात मात्र पंधरा दिवसांपुरतेच भरावे. जुलैमध्ये आणलेल्या रव्याला आठवड्यात जाळी लागली, तो दोष दुकानाचा की माझ्या ओलसर डब्याचा, हे ठरवणे कठीण आहे.

तेलाबाबत तक्रार आहे. लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल पिंपाच्या तोटीतून बाटलीत भरून देतात. पिंप तळाला आले की गाळ येतो आणि सतत हवा लागल्याने तेल लवकर खवट होते. माझी दुसरी बाटली दिव्यालाच गेली.

काथ्याची घासणी मात्र मनापासून आवडली. पहिले दोन दिवस तिचे तंतू भांड्यांना चिकटतात, नंतर ती मऊ पडते आणि करपलेल्या कढईवर स्टीलच्या तारेइतकीच चालते. ती ओली ठेवल्यास काळी पडून कुबट वास येतो, म्हणून नळाला टांगून वाळवावी लागते. अडीच महिन्यांनी झिजलेली घासणी कातरून कुंडीत मातीखाली पुरली; काथ्या कुजायला फार वेळ घेतो, पण तोवर तो ओलावा धरून ठेवतो.

तिच्या जोडीला घेतलेल्या रिठ्यांकडून साबणाच्या फेसाची अपेक्षा ठेवू नये. पाच-सहा रिठे बिया काढून रात्रभर भिजवायचे, सकाळी उकळून गाळायचे; त्या पाण्याने चहाची, दुधाची भांडी लख्ख निघतात, तुपकट पातेल्याला गरम पाणी आणि चिमूटभर राख लागतेच. हे पाणी फ्रिजबाहेर तीन दिवसांत आंबते, आणि डोळ्यात उडाले तर भयंकर झोंबते.

डाळी, पोहे, मसाले आणि घासणी यांसाठी दुकान जरूर गाठावे, शक्यतो सकाळी. संध्याकाळी काट्यापाशी डब्यांची रांग लागते.