एडवर्डियन लंडनमधली खरेदी: पात्राला सेल्फ्रिजेसमध्ये पाठवायचं की जुन्या काउंटरवर?

सातव्या एडवर्ड राजाच्या काळातल्या (१९०१ ते १९१०) लंडनवर कथा नाहीतर एकांकिका लिहिणारे हल्ली बरेच जण भेटतात, आणि त्यात बाईसाहेब खरेदीला निघाल्यात असा एक प्रसंग हमखास असतो. मग प्रश्न येतो की त्यांना पाठवायचं कुठे. आमच्या हौशी ग्रुपसाठी एकांकिका लिहिताना मलाही हे ठरवावं लागलं होतं, म्हणून दोन्ही बाजू मांडतो. हॅट केवढ्या होत्या, कॉर्सेट कसे आवळायचे वगैरे तुम्हाला माहीत असेलच, त्यात शिरत नाही.

बहुतेकांच्या डोक्यात पहिलं नाव सेल्फ्रिजेस या भल्यामोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचं येतं, आणि ते साहजिक आहे. १५ मार्च १९०९ ला ऑक्सफर्ड स्ट्रीटवर ते उघडलं, मालक हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज हा शिकागोच्या मार्शल फील्ड या बड्या दुकानात मुरलेला माणूस, आणि त्याचं म्हणणं साधं होतं की लोकांना आत येऊ द्या, फिरू द्या, काही घेतलं नाही तरी चालेल. माल हाताशी मांडलेला, वाचायला बसायची खोली, रात्रीसुद्धा दिवे लावून ठेवलेल्या काचा, म्हणजे दुकान बंद झाल्यावरही लोक बाहेर उभे राहून बघतायत. त्याच जुलैत ब्लेरिओ विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून आला तर या पठ्ठ्याने ते विमानच दुकानात आणून ठेवलं आणि अख्खं लंडन बघायला लोटलं. दृश्य म्हणून याला तोड नाही, मी मान्य करतो.

फक्त एक लक्षात ठेवा, ६ मे १९१० ला एडवर्ड राजा गेला, म्हणजे काटेकोर बघितलं तर सेल्फ्रिजेसवाला एडवर्डियन काळ जेमतेम १४ महिन्यांचा. त्यानंतर दुखवटा, जूनमधल्या अॅस्कॉटच्या घोड्यांच्या रेसला सगळा उच्चभ्रू समाज काळ्या कपड्यांत. बरेच जण हा काळ १९१४ पर्यंत ताणतात, तसं ताणणार असाल तर अडचण नाही. पण तुमची गोष्ट १९०५ ची असेल आणि बाई सेल्फ्रिजेसमध्ये शिरल्या तर कोणीतरी जाणकार तुम्हाला धरणारच.

आता दुसरी बाजू, जुन्या पद्धतीचं कापडाचं दुकान. पीटर रॉबिन्सन, मार्शल अँड स्नेलग्रोव्ह, स्वान अँड एडगर ही त्यातली बडी नावं, आणि गल्लोगल्ली लहान दुकानं होती ती वेगळी. यातली मोठी दुकानं काही मागासलेली नव्हती हं, हॅरॉड्सने तर १८९८ मध्येच सरकता जिना बसवला होता आणि वर पोचल्यावर घाबरलेल्या गिऱ्हाइकांना ब्रँडी द्यायचे. पण कापडाच्या दुकानाची रीत ठरलेली. दारात कोट घातलेला शॉपवॉकर उभा, तो विचारणार काय हवंय, मग तो तुम्हाला त्या काउंटरपर्यंत नेणार, खुर्ची पुढे करणार, आणि काउंटरमागच्या मुलीला हाक मारणार. माल खणांत आणि खोक्यांत, मागितल्याशिवाय दिसत नाही. लक्ष्मी रोडच्या जुन्या साडीच्या दुकानात गादीवर बसून साड्या उलगडून घेतल्या असतील तर तुम्हाला वेगळं काही समजावायला नको. उठून नुसतं निघून जाणं तिथेही जड जायचं आणि इथेही.

माझा कौल ज्या कटकटीमुळे ठरला ती आता सांगतो. सेल्फ्रिजेसमध्ये कोणी बोलतच नाही! म्हणजे त्या दुकानाची सगळी गंमत हीच की बाईला कोणाला काही विचारावं लागत नाही, ती आपली फिरते, हात लावते, पुढे जाते. कागदावर हे छान वाटतं, तालमीत मात्र आमची नायिका नुसती इकडून तिकडे चालत होती आणि माझ्याकडे तिला द्यायला वाक्यच नव्हतं. मग तिच्यासोबत एक मैत्रीण दिली, तर दोघी मिळून टूर गाइडसारखं बोलायला लागल्या, अगं हे बघ अत्तरं, अगं ते बघ विमान. स्वगत घालून पाहिलं, ते त्याहून वाईट. दिग्दर्शक म्हणाला की ही बाई खरेदी करत नाहीये, प्रदर्शन बघतेय, आणि खरं सांगायचं तर तसंच होतं ते. कादंबरीत कदाचित हा त्रास होणार नाही, तिथे तुम्ही तिच्या मनात शिरू शकता, पण तिथेही माझ्या मते दोन पानांनंतर वर्णनच उरतं.

काउंटरवर उलट. तिथे तिला तोंड उघडावंच लागतं, आणि समोरच्या मुलीला ते ऐकून काहीतरी करावंच लागतं, कारण तिचंही काही पणाला लागलेलं असतं. या मुली बऱ्याचदा दुकानाच्याच वसतिगृहात राहायच्या, खाणं-राहणं पगारातलंच, उशीर झाला किंवा बिलात चूक झाली की दंड, आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर शॉपवॉकरचं बोलणं, वारंवार झालं तर नोकरी जायची. जुना पडून राहिलेला माल खपवला तर वर थोडं कमिशन. आता बघा, बाईला हवेत फिकट हातमोजे आणि मुलीला खपवायचेत गेल्या वर्षीचे जांभळे, शॉपवॉकर लांबून बघतोय. एवढ्यावर प्रसंग उभा राहतो, तुम्ही फार काही न करता.

हातमोज्यांचंच काउंटर घ्या असं मी आवर्जून सांगेन. काउंटरवर छोटी उशी असायची, बाई त्यावर कोपर टेकून हात उभा धरायची, मुलगी लाकडी चिमट्याने मोज्याची बोटं आधी सैल करणार, आत किंचित पावडर, मग एकेक बोट खाली ओढत बसवणार. दोन अनोळखी बायका इतक्या जवळ, एकीचा हात दुसरीच्या हातात, आणि बोलणं मात्र फक्त किमतीचं. आमच्या प्रयोगात लोक सगळ्यात जास्त याच वेळी पुढे सरकून बघत होते (हे माझं निरीक्षण, मोजणी केलेली नाही).

पैशाचा भागही काउंटरवर जास्त खुलतो. कापडवाल्यांना किंमत पाव पेनीने कमी लावायची खोड होती, दोन शिलिंग म्हणायचं नाही, एक शिलिंग पावणेबारा पेन्स म्हणायचं. आणि तो उरलेला फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, परत देण्याऐवजी टाचण्यांचा एक कागद हातावर ठेवायचे, बाटा प्राइस आणि सुट्ट्याऐवजी चॉकलेट या दोन्ही गोष्टी तेव्हाच शोधून झाल्या होत्या म्हणायच्या. बिल आणि नाणी डबीत घालून तारेवरून कॅशियरकडे सोडायची, डबी परत येईपर्यंत दोघी समोरासमोर अडकलेल्या, म्हणजे लेखकाला फुकटात मिळालेला वेळ. आकड्यांना घाबरू नका, तेव्हाचा सरकारी दर रुपयाला एक शिलिंग चार पेन्स होता, म्हणजे १६ पेन्स, म्हणजे एक पेनी बरोब्बर एक आणा आणि फार्दिंग म्हणजे जुना एक पैसा. एक शिलिंग पावणेबारा पेन्स म्हणजे एक रुपया सात आणे तीन पैसे. पौंड १५ रुपयांना. आजोबांकडून आणे-पैशाचा हिशोब ऐकलेल्या माणसाला हे तोंडपाठ व्हायला वेळ लागत नाही.

आता कोणी म्हणेल की श्रीमंत बाई रोख कशाला देईल, तिचं खातं असणार. बरोबर आहे, हॅरॉड्समध्ये १८८० च्या दशकापासून निवडक लोकांना उधारी होती, आणि खात्यावर घेतलं की सामान गाडीने घरी जातं आणि बिल नवऱ्याकडे. कथानक म्हणून हे झकास आहे, कारण बायकोने उधार घेतलेल्या कपड्यांचे पैसे नवऱ्याने भरायचे का यावर डेबनहॅम विरुद्ध मेलन ही केस थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली होती आणि १८८० मध्ये निकाल लागला की नवऱ्याने खर्चाला ठरावीक रक्कम दिली असेल आणि आपल्या नावावर उधारी करू नको असं बजावलं असेल तर तो देणं लागत नाही. दुकानदार बसले हात चोळत. पण स्टेजवर बाई रिकाम्या हाताने विंगेत जाते, ते मला काही रुचलं नाही, खरेदी म्हटलं की हातात पुडकं हवं.

घरसामानाचं म्हणाल तर तिथे दोन्ही सोडा आणि आर्मी अँड नेव्हीचा कॅटलॉग घ्या. १९०७ च्या कॅटलॉगचं पुनर्मुद्रण झालेलं आहे, भलं जाड प्रकरण, पण चहाच्या किटलीपासून कॅम्पच्या खाटेपर्यंत सगळं चित्र आणि किमतीसकट. ही मूळ अधिकाऱ्यांची सहकारी सोसायटी, सभासदांपुरती. मुंबईत काळा घोड्याला यांची शाखा होती, इमारत अजून त्याच नावाने ओळखतात, त्यामुळे पात्र मुंबईहून परतलेलं असेल तर हा धागा आयता मिळतो. कमी पैशातलं जोडपं असेल तर फर्निचर हप्त्यावर, आणि तेही नाव न लिहिलेल्या गाडीतून, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. जाहिरातीतच तसं वचन द्यायचे.

तेव्हा शॉर्टफिल्म करताय, पैसा आहे, माणसं आहेत, तर सेल्फ्रिजेस जरूर करा, मला बघायला आवडेल. दोन टेबलं आणि चार नट एवढंच हाताशी असेल तर मी काउंटरच म्हणेन. एक खुर्ची काउंटरपुढे गिऱ्हाइकासाठी ठेवा आणि एक मागे, कारण १८९९ च्या कायद्याने दर तीन मुलींमागे एक बसायची जागा देणं सक्तीचं झालं होतं, बसायची हिंमत कोण करायचं ते सोडा. आणि महिना निवडायला मोकळे असाल तर जानेवारी घ्या, सेलचा महिना, चादरी-टॉवेलांचे ढीग, काउंटरवर गर्दी, शॉपवॉकर घामाघूम, आणि जांभळे हातमोजे अजूनही तिथेच पडलेले असण्याला सबळ कारण मिळतं.