आठ महिने चिपर वापरला, गाडी अडली ती ग्रिपवर

चिपर हा गोल्फचा एक क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी. ३७ अंशांचा लॉफ्ट (फेसचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूचा तिरकेपणा), लांबी पटरएवढी. पटर म्हणजे चेंडू जमिनीवरूनच घरंगळवत होलमध्ये घालायचा क्लब. ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, कडेवरून चेंडू जरासा उचलून पुढे घरंगळत न्यायचा, या कामाला हा चिपर खरंच सोन्यासारखा आहे. पाच तारे देणार होतो.

मागच्या महिन्यात बडोद्याला पॅलेसच्या आवारातल्या कोर्सवर सराव करत होतो. दुसऱ्या दिवशी स्पर्धा. शेजारच्या काकांनी चिपर हातात घेतला, ग्रिपवरून, म्हणजे मुठीच्या आवरणावरून, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही पुढून चपटी आहे रे. हा पटर आहे का?"

नाही ना! नियमांत पटरचा लॉफ्ट जास्तीत जास्त १० अंश. चिपर आयर्नमध्ये, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबांत मोडतो, आणि आयर्नची ग्रिप आडवी कापली तर गोलच दिसायला हवी. पूर्ण लांबीभर सरळ, किंचित उठलेली एक रेघ तेवढी चालते. चपटी बाजू फक्त पटरला माफ. (दोन्ही बाजूंनी मारता येणारे चिपर घेऊच नका, दोन फेसही पटरलाच चालतात.) असा क्लब बॅगेत नुसता ठेवला तर दंड नाही, बॅगेत चालणाऱ्या १४ क्लबांमध्ये मोजला जातो इतकंच. पण त्याने एक जरी फटका मारला की स्पर्धेतून बाद. खोक्यावर मात्र ठळक छापलंय, 'नियमांनुसार'!

विक्रेत्याला फोन केला. "सर, हेडमध्ये काही प्रॉब्लेम नाही." अहो, मी हेडबद्दल विचारलंच कुठे? ग्रिप बदलून द्या म्हटलं तर, वापरलेल्या मालावर काही मिळणार नाही. ३५० रुपये माझ्या खिशातून गेले. रक्कम छोटी आहे, पण चूक माझी नव्हती.

ग्रिप घरीच बदलली. ब्लेडने उभी चीर दिली, जुना टेप खरवडला, नवा दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप लावला, त्यावर थिनर ओतलं आणि ग्रिप एका दमात चढवली. मध्ये थांबलात की ती तिथेच धरते.

पहिले दहा दिवस चेंडू सारखा डावीकडे. चपट्या ग्रिपवर अंगठे आपोआप जागेवर बसायचे, म्हणून जुनीच बरी होती असं वाटलं, इथे तसं लिहिणारही होतो. आता मत बदललंय. फेस सरळ आहे का ते डोळ्यांनी बघून मग हात लावतो, आणि अंतर आधीपेक्षा नेमकं पडतं.

हेडला पाच तारे, आलेल्या ग्रिपला एक. खोक्यावरचा तो शब्द काढा म्हणून विक्रेत्याला तिसऱ्यांदा लिहिलंय. उत्तर आलं की इथेच टाकतो.