अंडी की तिसऱ्या?

भाचीने मटण-कोंबडी सोडली. कारण एकच, आपल्यासाठी कुणाला वेदना नकोत. आता विचारते, प्रथिनांसाठी अंडी खाऊ की तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले?

जीव जातो का? बाजारातलं अंडं सहसा फलित नसतं, त्यात जीव नाही. तिसरी मात्र मरतेच, आणि एका कालवणात पन्नासेक सहज जातात. इथे अंडं जिंकतं असं वाटतं. पण हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या केंद्रात, अंडी देणाऱ्या जातीची नर पिल्लं जन्मल्याच दिवशी मारतात, कारण ती ना अंडी देत ना मांसासाठी परवडत. पिंजऱ्यातल्या कोंबडीला ए-फोर कागदाएवढीही जागा नसते, पंख पसरणं दूरच. अंडी कमी झाली की तीही खाटकाकडे. ट्रेवर यातलं काही छापत नाहीत.

वेदना कुणाला? तिसरीला मेंदू नाही, नुसत्या चेतागाठी, म्हणजे चेतापेशींचे पुंजके. स्पर्श झाला की शिंपला मिटतो, पण तेवढ्यावरून दुखतंय म्हणता येत नाही. नाहीच, असंही छातीठोकपणे म्हणवत नाही. जैन शास्त्रात शिंपला द्वींद्रिय म्हणजे दोन इंद्रियांचा जीव, कोंबडी पंचेंद्रिय म्हणजे पाच इंद्रियांची. अर्थात जैन दोन्ही वर्ज्यच मानतात.

खर्च, कष्ट? अंडी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे. तिसऱ्या खाडीकाठी स्वस्त, पुण्यात महाग, शिवाय वाळू काढत बसा. बी-१२ दोन्हींत, तिसऱ्यांत भरपूर.

वेदना हाच निकष असेल तर माझं मत तिसऱ्यांना. एकही जीव हातून जाऊ नये असं वाटत असेल, तर घरच्या, मोकळ्या फिरणाऱ्या आणि म्हातारपणीही सांभाळलेल्या कोंबडीची अंडी. आणि आत्मा सगळ्यांत सारखाच मानत असशील, तर मटकी भिजत घाल.