लॉक मेलं आणि वीस वर्षांचं काम अडकलं: आमच्या जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरचा रिव्ह्यू

सॉफ्टवेअरला साडेचार स्टार, कंपनीला अर्धा, तोही फोन उचलला म्हणून.

नाव लिहीत नाही, डीटीपीवाल्यांना, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्यांना, कळेलच. बाबांनी २००४ ला घेतलेलं, सीडी आणि प्रिंटरच्या पोर्टला लावायचं ते लॉक, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून दिलेली छोटी डबी. लग्नपत्रिका, पावतीबुकं, दोन दिवाळी अंक सगळं यावरच. आणि खोटं कशाला बोलू, अक्षर काय सुंदर आहे राव, 'श्री' ७२ पॉइंटला टाकला तरी गोलाई तशीच, 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे, हिंदीवाले नाहीत. आमच्या ऑपरेटर ताईंचा हात रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डवर, बसलेला, गप्पा मारता मारता पान उतरवतात.

पण चालतं फक्त विंडोज एक्सपीवर. त्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०१४ लाच बंद केला, तरी आम्ही एक पीसी नेट काढून फक्त याच्यासाठी जिवंत ठेवलाय. गेल्या पावसाळ्यात लॉक मेलं. लॉक नाही तर फॉन्ट लोड होत नाही, फॉन्ट नाही तर पानं लावायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरमध्ये नुसता डॉलर, टोप्या (^) आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा. कंपनीला फोन केला तर "ते प्रॉडक्ट बंद झालं सर, नवीन घ्या." म्हटलं पैसे घ्या, लॉक द्या. तर लॉकच बनत नाही म्हणे, आणि जुन्या फायलींचं विचारलं तर "कन्व्हर्टर वापरा."

वापरला. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडं चालणाऱ्या ठरलेल्या पद्धतीत, बदलणारा फुकटातला एक मिळाला, त्यातून 'आशीर्वाद'चा 'आशीवार्द' आला, 'कार्यक्रम'चा 'कायर्क्रम' आणि 'परिस्थिती'ची 'परिस्िथती'. कारण जुन्या फॉन्टात २५६ खान्यांमध्ये अक्षरांचे तुकडे कोंबलेत, प्रत्येक कंपनीचा क्रम वेगळा, त्यात पहिली वेलांटी दिसते तशी आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलटं. पत्रिकेत 'शुभ आशीवार्द' छापला असता तर वधूपित्यानं दुकानात येऊन आशीर्वाद दिले असते.

आता माझं म्हणणं एवढंच, विकायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, तर सॉफ्टवेअरचा कोड ओपन, म्हणजे सगळ्यांना खुला, करून टाका ना. असं होतच नाही असं नाही. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर, २००२ मध्ये कंपनी बुडाली, तर लोकांनी सात आठवड्यांत १ लाख युरो जमवून त्याचे हक्क सोडवले आणि ऑक्टोबरमध्ये कोड सगळ्यांना खुला, आज त्यावर केलेल्या फिल्मला ऑस्कर मिळालंय. आपल्याकडं 'आकृती' फॉन्टवाल्यांनी पण काही फॉन्ट जीपीएल या खुल्या लायसनखाली मोकळे केले होते. आमच्यावाल्यांना दुसऱ्या कोणाचे हक्क आड येत असतील तर राहू दे कोड, निदान तो तक्ता द्या, कुठल्या खान्यात कुठला तुकडा, एक एक्सेल शीट होईल हो, बाकी कन्व्हर्टर आमच्या भाच्यासारखी पोरं लिहितील. दोनदा मेल केलाय. उत्तरात नवीन व्हर्जनचं कोटेशन आलं.

सध्या मिरजेतल्या एका बंद पडलेल्या प्रेसमधलं सेकंडहँड लॉक लावलंय, आपलीच आवृत्ती निघाली म्हणून नशीब. रोज रात्री दुकान बंद केल्यावर थोड्या थोड्या फायली पीडीएफ करतोय, २०११ च्या दिवाळी अंकापर्यंत आलोय. कोणाकडं जुनं लॉक ड्रॉवरमध्ये पडलेलं असेल तर भंगारात टाकू नका, मला सांगा.